शिकारीचा गुरु आणि पारध्याचें पोर

अमेरिकेंत सरकार लहान मुलांना शिकार शिकविण्याची व्यवस्था करतें, हें ऐकून आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांपैकीं कित्येकांना नवल वाटेल. कोणी म्हणेल, त्या श्रीमंत लोकांचे चोचले आपल्याला काय करायचे? कोणी म्हणेल, पोराच्या हातीं बंदूक देणें हें शहाणपणाचें लक्षण नव्हे. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. तरी या विषयावर आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण त्यांत प्रश्न एकट्या बंदुकीचा नाहीं. विद्या कोणी कोणाला द्यावी, रान कोणाच्या मालकीचें, आणि रान ओळखणाऱ्या माणसाला समाजानें गुरु म्हणावें कीं चोर, असे तीन प्रश्न त्यांत गुंतलेले आहेत. हे तिन्ही प्रश्न आपल्या घरचे आहेत.

प्रथम त्या व्यवस्थेची हकीकत सांगतों. अमेरिकेंत पेनसिल्व्हानिया नांवाचें एक राज्य आहे. डोंगर, दाट रानें आणि कोळशाच्या खाणी यांचा तो मुलूख. तेथें शिकार हा केवळ बड्या लोकांचा शौक नव्हे. खाणींतला मजूर, शेतकरी, गवंडी, सुतार असे लोक हंगामांत परवाना काढून रानांत जातात आणि मारलेल्या हरणाचें मांस घरीं खातात. मात्र बारा वर्षांखालील मुलाला तेथें शिकारीची मनाई होती. २००६ सालीं त्या राज्यानें नवा नियम केला. बारा वर्षांखालील मुलालाहि शिकार शिकतां येईल, पण ती गुरूच्या हाताखालीं. गुरु एकवीस वर्षांवरचा व परवाना असलेला पाहिजे. एका गुरूजवळ एकच शिष्य. दोघांत मिळून हत्यार एकच. चालतांना तें हत्यार गुरूनें बाळगायचें. एका जागीं थांबल्यावरच तें मुलाच्या हातीं द्यायचें, आणि तेव्हांहि गुरु हात पोंचेल इतक्या अंतरावर असला पाहिजे.

ही उठाठेव त्यांनीं कां केली? त्याचें कारण हिशेबाच्या वहींत आहे. अमेरिकेंत १९३७ सालीं एक कायदा झाला. त्या कायद्याप्रमाणें लांब नळीच्या बंदुका व काडतुसें यांच्यावर शेंकडा ११ कर बसतो, आणि तो पैसा सरकारच्या इतर खर्चांत न मिसळतां रानांतील जनावरांच्या रक्षणासाठीं राज्यांना वांटला जातो. वांटणी करतांना निम्मा हिस्सा राज्याच्या क्षेत्रफळावर आणि निम्मा परवाना काढणाऱ्या शिकाऱ्यांच्या संख्येवर ठरतो. शिवाय परवान्याची फी आहेच. म्हणजे शिकारी घटला कीं रानाचा रखवालदारहि उपाशी राहतो. आणि शिकारी तर घटत होता. सरकारी पाहणीप्रमाणें सोळा वर्षांवरील शिकाऱ्यांची संख्या २०११ सालीं १ कोटी ३७ लाख होती, ती २०१६ सालीं १ कोटी १५ लाखांवर आली. पोरें शहरांत गेलीं, शेतें मोडलीं, बापाला वेळ राहिला नाहीं, आणि आजोबाजवळची विद्या आजोबाबरोबर मातींत जाऊं लागली. म्हणून विद्या देणाऱ्या माणसाला कायद्यानें पुढें आणणें त्यांना भाग पडलें.

या गोष्टीची दुसरी बाजूहि आम्ही झांकून ठेवीत नाहीं. २००४ सालीं शिकाऱ्यांच्या संघटनांबरोबर बंदुका बनविणाऱ्या व्यापाऱ्यांच्या संघानें राज्याराज्यांतून अशी चळवळ उभी केली कीं, मुलांच्या शिकारीवरील निर्बंध सैल करावेत. दुकानदाराला गिऱ्हाईक पाहिजे असतें, आणि आजचें पोर हें उद्यांचें गिऱ्हाईक असतें, हें आमच्या वाचकांना फोडून सांगायला नको. पुढें विस्कॉन्सिन राज्यानें २०१७ सालीं दहा वर्षांची वयाची अट अजिबात काढून टाकली आणि दोघांत एकच हत्यार हा नियमहि उठविला. हें आम्हांला मुळींच पसंत नाहीं. दोघांच्या हातीं दोन बंदुका आल्या कीं गुरूचे डोळे शिष्यावर राहत नाहींत, आपल्या सावजावर जातात. मग गुरु कसला आणि शिष्य कसला! शिवाय ज्या पोराला मरण म्हणजे काय हें उमजलेलें नाहीं, त्याच्याकडून दुसऱ्या जिवाचें मरण घडविणें हा शिकवणीचा भाग नव्हे.

पण पेनसिल्व्हानियाच्या मूळ नियमांत जें तत्त्व आहे, तें आम्हांला मोलाचें वाटतें. एक गुरु, एक शिष्य, एक हत्यार. म्हणजे शिकविणारा आपली जबाबदारी पुस्तकावर टाकून मोकळा होऊं शकत नाहीं. जी शिकारीची विद्या म्हणतात, तींत चाप ओढणें हा शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग आहे. वारा कोणीकडून वाहतो, माग ताजा कीं शिळा, लेंड्या कोणत्या जनावराच्या, पाण्यावर कोण केव्हां उतरतें, मादीबरोबर पिलूं आहे कीं नाहीं, सावजाच्या पलीकडे वाट आहे कीं वस्ती, हें सर्व अगोदर कळावें लागतें. आणि हें सर्व कळल्यावर पुष्कळ वेळां बार न टाकतां परत यावें लागतें. बार कधीं टाकूं नये, हें जो शिकवितो तोच खरा गुरु. आमच्या कारागीर वाचकांना ही रीत नवी नाहीं. लोहाराचें पोर प्रथम भाता ओढतें, घण त्याच्या हातीं मागाहून येतो. सुताराचें पोर आधीं बापाच्या हाताखालीं लांकूड धरायला शिकतें, वाकस त्याला नंतर मिळतो. धारेचें हत्यार पोराच्या हातीं केव्हां द्यावें आणि केव्हां काढून घ्यावें, हें ज्या घरांत कळतें, त्या घराला अमेरिकेच्या सरकारनें शिकवायला नको.

आतां रान कोणाचें, या प्रश्नाकडे वळूं. विलायतेंत १६७१ सालीं असा कायदा झाला कीं, ज्याला वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची स्वतःच्या मालकीची जमीन असेल, किंवा जो त्या तोलाचा बडा माणूस असेल, त्यानेंच शिकार करावी. त्याच काळीं परगण्यांत मत देण्याच्या हक्काला दोन पौंड उत्पन्नाची जमीन पुरत असे. म्हणजे राज्यकारभारांत तोंड घालण्यापेक्षां ससा मारणें पन्नास पटींनीं महाग होतें! १७२३ सालीं तर तोंडाला काळें फांसून हरणाच्या कुरणांत हत्यारानिशीं शिरणाऱ्याला फांशीची शिक्षा ठरली. स्वतःच्या शेतांत पीक खाणारा ससा शेतकऱ्यानें पाहायचा आणि जमीनदारानें मारायचा, अशी ती रीत होती. १६७१ ची मालमत्तेची अट १८३१ सालीं निघाली.

अशा जाचांतून निघून अमेरिकेंत गेलेल्या लोकांनीं तो धडा लक्षांत ठेवला. पेनसिल्व्हानियाच्या १७७६ च्या राज्यघटनेंत असें कलमच घातलें गेलें कीं, रहिवाशांना आपल्या जमिनीवर आणि कुंपण नसलेल्या इतर सर्व जमिनींवर योग्य हंगामांत शिकारीची मोकळीक राहील. रानांतलें जनावर राजाचें नाहीं, जमीनदाराचें नाहीं, लोकांचें आहे, हा विचार तेथें रुजला. आज खाणमजुराच्या पोराला शिकारीचा गुरु मिळतो, त्याच्या मुळाशीं हा विचार आहे.

परंतु जो स्वतः जाचांतून सुटतो तो दुसऱ्याला जाचीत नाहीं, असें थोडेंच आहे? ज्या मूळ लोकांचीं तीं रानें होतीं त्यांना गोऱ्यांनीं हुसकून लाविलें. ज्या रानगव्यांच्या कळपांवर पश्चिमेकडील मैदानांतल्या जमाती जगत होत्या, ते कोट्यवधि गवे गोऱ्या शिकाऱ्यांनीं कातड्यांसाठीं मारले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते शेंकड्यांवर आले. आणि त्याच पेनसिल्व्हानियांत १९०९ सालीं असा कायदा झाला कीं, जो परदेशांत जन्मला आणि अमेरिकेचा नागरिक झाला नाहीं, त्यानें शिकार करूं नये व शिकारीची बंदूकहि घरांत ठेवूं नये. त्याचा मारा खाणींत राबणाऱ्या गरीब इटालियन मजुरांवर झाला. प्रकरण वरिष्ठ न्यायालयांत गेलें आणि १९१४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा कायम केला. रखवाली करणारा आणि चोरटा हा भेद पुष्कळदां माणसाच्या कृत्यावर ठरत नाहीं, त्याच्या जन्मावर ठरतो, हें त्यावरून दिसतें.

आपल्याकडे जन्मावर काय काय ठरलें, हें आतां सांगावयास पाहिजे. महाभारतांतील एकलव्याची कथा सर्वांना ठाऊक आहे, पण तींतली एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाहीं. एकलव्याचें कसब उघड झालें तें शिकारीच्या प्रसंगीं. द्रोणाचार्यांची आज्ञा घेऊन राजपुत्र रथांत बसून रानांत मृगयेला गेले होते. बरोबर शिकारीचें साहित्य होतें, कुत्रा होता, नोकर होता. सरकारी खर्चानें गुरु ठेवलेला आणि गुरूच्या आज्ञेनें शिकारीचा अभ्यास चाललेला, अशी ती व्यवस्था! त्याच रानांत निषादाचें पोर गुरूवांचून शिकलें होतें. रान त्याच्या बापजाद्यांचें, धनुष्य त्याच्या बापजाद्यांचें; पण विद्येचा दाखला देणारा मात्र दुसरा. त्यानें पुत्रवत् शिकविण्याऐवजीं आंगठा मागितला. कथावाचक येथें गुरुभक्तीचा महिमा सांगतात. आम्ही एवढेंच विचारतों कीं, अमेरिकेंत गुरु शिष्याच्या हाताजवळ उभा राहतो तो हात संभाळण्यासाठीं. आमच्या कथेंतला गुरु शिष्याच्या हाताजवळ आला तो कशासाठीं?

तो काळ फार जुना म्हणून सोडून देऊं. इंग्रजी अमदानींत तरी काय झालें? १८७८ च्या वनकायद्यानें राखीव रानें सरकारचीं झालीं आणि शेतकऱ्याचीं गुरें, सरपण व सावज हीं सर्व गुन्ह्याच्या सदरांत गेलीं. त्याच सालच्या हत्यारांच्या कायद्यानें एतद्देशीयांना परवान्यावांचून बंदूक बंद झाली, पण गोऱ्या साहेबाला ती अट नव्हती. जंगलखात्याच्या जाचाविषयीं महात्मा फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथांत लिहिलें आहे. साहेब आणि संस्थानिक मचाणावर बसत, आणि आमचे आजे-पणजे हाकारे म्हणून रान उठवीत. तेंहि पुष्कळदां वेठीनें. शिकारीच्या फोटोंत मेलेला वाघ दिसतो, वाघावर पाय दिलेला साहेब दिसतो. डबे बडवून त्या वाघाला पुढें घालणारा कुणबी आणि माग काढून देणारा पारधी त्यांत बहुधा नसतो.

पारध्याची कहाणी तर याहून कडू आहे. १८७१ सालीं सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि मागाहून तो मुंबई इलाख्यासहि लागू झाला. त्या कायद्याखालीं पोर जन्माला आलें कीं गुन्हेगाराच्या यादींत आलें. हजेरी द्यायची आणि परवान्यावांचून मुक्काम हलवायचा नाहीं! जो तितराची हांक हुबेहूब देतो, जो मातीवरच्या खुणेवरून रात्रीं कोण गेलें तें सांगतो, त्याला ‘गुन्हेगार’ हें एकच नांव कायद्यानें दिलें. या अंधारांत कोल्हापुरास एक दिवा लागला होता, त्याचें स्मरण केल्यावांचून राहवत नाहीं. छत्रपति शाहू महाराज स्वतः शिकारीचे मोठे षोकी होते. रानांत त्यांनीं फासेपारध्यांचें कसब पाहिलें आणि त्यांना हांकून न देतां जवळ केलें, आश्रय दिला, पहाऱ्याचीं विश्वासाचीं कामें दिलीं. १९१८ सालीं त्यांनीं महार, मांग, रामोशी, बेरड या जातींची हजेरी आपल्या राज्यांत बंद केली. ज्याला जग चोर म्हणतें त्याच्याच हातीं पहारा देणें, याला राज्यकर्त्याची नजर म्हणतात.

स्वराज्य आल्यावर १९५२ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. कायदा गेला, पण गांवाच्या डोळ्यांतली हजेरी गेली नाहीं. चोरी कोठेंहि होवो, पहिला संशय पारध्याच्या पालावर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद झाली. ती बंद होणें जरूर होतें. माणसांची इतकी दाटी आणि रानाचे इतके थोडे तुकडे उरल्यावर अमेरिकेसारखी मोकळीक येथें देतां येणार नाहीं, हें आम्ही स्पष्ट सांगतों. २००६ च्या वनहक्क कायद्यानें रानांत राहणाऱ्यांचे पुष्कळ हक्क मानले, त्यांतहि शिकारीचा हक्क वगळला आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. आमची तक्रार अशी कीं, शिकार बंद करतांना शिकाऱ्याच्या विद्येचें काय करायचें, हा प्रश्न बहुतेक कोणीं विचारलाच नाहीं. गिरणी बंद पडली तर कामगाराचें काय, असें निदान विचारतात. पारध्याचें रान बंद झालें तेव्हां त्याला दुसरी वाट कोणीं दाखविली? मग ती विद्या चोरट्या व्यापाऱ्यांच्या कामीं आली तर दोष एकट्या पारध्याचा कसा?

वाट दाखवितां येते, याचा पुरावा आहे. मध्य प्रदेशांत पन्ना येथें २००९ सालापर्यंत एकहि वाघ उरला नव्हता. पुढें बाहेरून वाघ आणून तेथें ते पुन्हां वाढविले. त्याच पन्नाच्या परिसरांत पारधी मुलांसाठीं वसतिगृहें निघालीं, आणि पारधी तरुणांना रानवाटांचे मार्गदर्शक म्हणून तयार करण्यांत आलें. पाहुण्यांना पायीं रानांत नेऊन ते माग दाखवितात, पक्ष्यांच्या हांका देतात आणि त्याचा मेहनताना घेतात. विद्या तीच, एकीकडे ती तुरुंगांत नेत होती, दुसरीकडे ती भाकरी देते.

आतां आमच्या शेतकरी बांधवांना दोन कडू शब्द सांगावयाचे आहेत. रानडुक्कर एका रात्रींत भुईमुगाचें वावर उकरतें, रोह्यांचा कळप तुरी-हरभऱ्याचा फडशा पाडतो, वानरें परसांत कांहीं ठेवीत नाहींत. पंचनाम्याला हेलपाटे घालतां घालतां नुकसानभरपाईपेक्षां वाटखर्च जास्त होतो. हें दुःख आम्ही जाणतों. पण त्यावर कित्येक ठिकाणीं काय उपाय चालला आहे? विजेच्या तारेवर आंकडा टाकायचा आणि शेताच्या कुंपणांत प्रवाह सोडायचा. कोठें कणकेच्या गोळ्यांत स्फोटक दारू भरून बांधावर ठेवायची. विजेची तार डुक्कर ओळखत नाहीं. विदर्भांत अशा तारांनीं वाघ मेले, तशींच माणसेंहि मेलीं. पहांटे पाणी द्यायला गेलेला शेजारी, गुरें वळणारें पोर, कधीं तर तार लावणारा स्वतः.

आणि ही तार लावतांना बाजूला पोर उभें असतें, आणि तें पाहून शिकत असतें. हीहि एक शिकारीची शाळाच झाली! बांधवांनों, अमेरिकेचा बाप पोराला सांगतो, सावज नीट दिसल्यावांचून, त्याच्या पलीकडे काय आहे तें कळल्यावांचून बार टाकूं नको. आणि आपण पोराला काय शिकवितों? कोण मरेल तें न पाहतां मरण पसरून घरीं येऊन निजावें, हें? जनावराचा त्रास खरा आहे, सरकारची ढिलाई खरी आहे. पण आंधळें हत्यार लावणारा हात आपला आहे, आणि तो पाहणारें पोर आपलें आहे.

यासाठीं आमचें मागणें असें आहे. मनुष्याला किंवा उभ्या पिकाला धोका झालेलें जनावर, तें पहिल्या अनुसूचींतलें नसेल तर, मारण्याची परवानगी देण्याची तरतूद १९७२ च्या कायद्यांत आहे. ती कागदावर न ठेवतां, तालुक्यातालुक्यांत रान जाणणारीं, शिकविलेलीं आणि जबाबदार धरतां येतील अशीं माणसें सरकारनें नेमावींत. त्यांत पारधी, भिल्ल, गोंड, कातकरी यांना पहिला मान द्यावा. जनावर कोठून येतें, केव्हां येतें, कोठें कुंपण घातलें तर न मारतांच वळतें, हें सांगणारा माणूस बंदुकीपेक्षां स्वस्त आणि अधिक उपयोगी आहे. जंगलखात्यानें अशा वृद्ध जाणत्यांना पगार देऊन गुरु नेमावें आणि त्यांच्या हाताखालीं एकेक तरुण द्यावा. त्या तरुणाला बंदूक नको. त्याला माग, हांका, वारा आणि पाणी शिकूं द्या, आणि शिकल्याचा सरकारी दाखला द्या. जी विद्या शाळेच्या पुस्तकांत नाहीं ती विद्याच नव्हे, हा भिक्षुकी समज आतां पुरे झाला. अक्षर यावेंच यावें. पण अक्षर देणाऱ्यानें माग ओळखणाऱ्याला अडाणी म्हणूं नये.

आणि पैशाची अडचण पुढें कराल तर अमेरिकेचा १९३७ चा कायदा पाहा. जो रानाचा उपभोग घेतो त्याच्याकडून घेतलेला पैसा रानालाच जावा, एवढें साधें तें तत्त्व आहे. आपल्याकडे वाघ पाहायला मोठमोठ्या गाड्यांतून लोक येतात, हॉटेलें उठतात, पैसा वाहतो. त्यांतला किती पैसा शेजारच्या गांवाच्या कुंपणाला मिळतो आणि किती पारध्याच्या पोराच्या शिक्षणाला, याचा हिशेब ग्रामसभेंत वाचून दाखवावा.

सरकार करील तेव्हां करील. घरचें काम आजच करण्यासारखें आहे. शेतांतली तार काढा. आपल्या पोराला बांधावर घेऊन जा आणि रात्रीं आलेल्या जनावराचा माग दाखवा; तुम्हांला तो ओळखतां येत नसेल तर गांवाबाहेर पालांत राहणाऱ्या पारध्याला बोलवा. त्याला बांधावर उभा करून संशयानें पाहूं नका, घोंगडी टाकून बसवा, आणि तो सांगेल तें तुमच्या व त्याच्या पोरानें एका जागीं बसून ऐकूं द्या. त्या दिवशीं एक आंगठा वांचला असें आम्ही समजूं.